उबदार समुद्रात ड्रायसूट कशाला?

दिवाळी सरली की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर स्कूबासाठी रांगा लागतात, त्या मे महिन्यापर्यंत हटत नाहीत. बहुतेकांसाठी हा पंधरा-वीस मिनिटांचा मामला असतो. प्रशिक्षकाचा हात धरून खाली जायचे, रंगीत मासे बघायचे, व्हिडिओ काढून घ्यायचा आणि वर येऊन गरम चहा प्यायचा. पण या रांगेतले काही जण पुढे या नादालाच लागतात. रीतसर प्रशिक्षण घेतात, मग नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीप असे करत तांबड्या समुद्रापर्यंत पोचतात. दिवसाला तीन-तीन बुड्या, प्रत्येक बुडी तासाभराची. आणि तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात येते. पाणी २७-२८ अंशांचे असले तरी तिसऱ्या बुडीत दात वाजायला लागतात.

मग प्रश्न येतो, ड्रायसूट घ्यावा का? नवा, बऱ्यापैकी ड्रायसूट लाखाच्या घरात जातो आणि त्याच्याही पुढे. पैशांपेक्षा मोठा मुद्दा हा की, मुळात थंड देशांसाठी बनवलेले हे वस्त्र कोकणातल्या उन्हात चढवल्यावर शरीराचे काय होते, याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो.

आधी थंडी का वाजते ते पाहू. गावाकडे विहिरीत पोहलेल्यांना हे सांगायला नको. मे महिन्याच्या भर दुपारी विहिरीत उतरलेली पोरे अर्ध्या तासाने काठावर कुडकुडत बसलेली असतात, ओठ काळेनिळे, बोटांची टोके सुरकुतलेली. हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून नेते. २७ अंशांच्या हवेत आपण मजेत बसतो, पण २७ अंशांच्या पाण्यात शरीर सतत उष्णता गमावत असते. उघड्या अंगाने पाण्यात नुसते पडून राहायचे आणि शरीराचे तापमान टिकवायचे, तर पाणी ३३ ते ३५ अंशांचे लागते. एवढे गरम पाणी आपल्या कुठल्याच समुद्रात बुडी मारण्याच्या खोलीवर मिळत नाही. म्हणजे ‘उबदार समुद्र’ हा शब्द पर्यटनाच्या पत्रकात ठीक आहे, शरीराच्या हिशेबात तो थंडच.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे वेटसूट. बहुतेकांना असे वाटते की, वेटसूटमध्ये शिरलेले पाणी अंगाच्या उष्णतेने तापते आणि तेच ऊब देते. हे अर्धेच खरे. ऊब राखतात ते निओप्रीन रबरात अडकलेले वायूचे असंख्य बारीक बुडबुडे. कॅलिफोर्नियातला भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच ओळखले. अंग ओले झाले तरी बिघडत नाही, अंगाभोवती वायूचा थर टिकला म्हणजे झाले, या कल्पनेतून वेटसूट जन्माला आला. (हा ब्रॅडनर त्याआधी अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम करत होता. एकाच माणसाच्या हातून काय काय घडते!)

वेटसूटची कमजोरीही याच बुडबुड्यांत आहे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, तीस मीटरवर चौपट. त्याबरोबर बुडबुडे दबतात, रबर पातळ होते आणि ऊब कमी होते. नेमके खोल गेल्यावर, जिथे पाणी जास्त थंड असते तिथे, सूट लुळा पडतो.

ड्रायसूटचे तत्त्व वेगळे. तो पाणी आत येऊच देत नाही. मानेला आणि मनगटांना घट्ट सील, पाण्याला दाद न देणारी चेन, पायांना जोडलेले मोजे किंवा बूट. आत आपण लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घालतो आणि ऊब ते देतात. खाली जाताना दाबामुळे सूट अंगाला आवळत जातो, म्हणून छातीवरच्या झडपेतून सिलिंडरमधली हवा थोडी थोडी आत सोडावी लागते. वर येताना तीच हवा फुगते, ती दंडावरच्या झडपेतून बाहेर काढावी लागते. ही कसरत हाताला बसायला वेळ लागतो आणि तिचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. डोके खाली, पाय वर अशी स्थिती झाली तर सगळी हवा पायांत जमते, दंडावरची झडप उपयोगाची राहत नाही आणि माणूस फुग्यासारखा उलटा वर जायला लागतो. घाबरून त्यात श्वास रोखला तर फुप्फुसांना इजा होऊन हवेचा बुडबुडा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. ‘ऊब हवी म्हणून सूट घेतला आणि लगेच वापरला’ असे करण्यासारखी ही वस्तू नाही.

आता त्या २७ अंशांकडे परत येऊ, कारण या आकड्याभोवती एक फार महत्त्वाचा प्रयोग झाला आहे.

अमेरिकी नौदलाच्या फ्लोरिडातल्या प्रायोगिक केंद्राने २००७मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता : बुडीच्या कोणत्या टप्प्यात शरीर गरम असावे आणि कोणत्या टप्प्यात थंड? खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडावा लागतो, नाहीतर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, अंगावर चट्टे उठतात, कधी पायांतली ताकद जाते. पाणबुड्यांचा हा जुना शत्रू, डिकम्प्रेशन आजार. नौदलाच्या पाणबुड्यांना दाबाच्या टाकीतल्या पाण्यात सुमारे ३७ मीटर खोलीइतक्या दाबाखाली ठेवले, काम करायला लावले आणि मग ८७ मिनिटांच्या टप्प्याटप्प्याच्या चढणीने वर आणले. पाण्याचे तापमान दोनच, ३६ अंश किंवा २७ अंश.

तळाशी थंड आणि चढताना गरम असलेल्या गटाने तळाशी ७० मिनिटे काढली, तरी १५८ बुड्यांत दोघांनाच त्रास झाला. उलट, तळाशी गरम आणि चढताना थंड असलेल्या गटाने तळाशी ३० मिनिटेच काढली, तरी ३२ बुड्यांत सात जणांना आजार झाला. निम्म्याहून कमी वेळ खाली राहून धोका कितीतरी पट.

कारण समजायला सोपे आहे. अंग गरम असले की त्वचेकडे आणि स्नायूंकडे रक्त भरपूर वाहते. तळाशी तसे झाले की नायट्रोजन भराभर आत साठतो. मग वर येताना थंडी वाजली की त्याच रक्तवाहिन्या आकसतात आणि आत गेलेला वायू तिथेच अडकून पडतो. लक्षात घ्या, या प्रयोगातले ‘थंड’ पाणी म्हणजे २७ अंश, आपल्या मालवणच्या समुद्राइतके.

यावरून लगेच घाबरून जायचे कारण नाही. त्या बुड्या फार कडक होत्या. सात-आठ मीटरवर वीस मिनिटे मासे पाहणाऱ्याला हा हिशेब लागू होत नाही. पण रोज तीन-चार बुड्या मारणारे प्रशिक्षक, तीस-चाळीस मीटरवरची बुडालेली जहाजे पाहायला जाणारे, पाण्याखाली वेल्डिंग किंवा पाहणी करणारे कामगार, यांच्यासाठी थंडी हा नुसता गैरसोयीचा भाग राहत नाही. बुडीची सुरुवात बरी आणि शेवट कुडकुडत, हा वेटसूटवाल्यांचा नेहमीचा अनुभव. तो अनुभव आजाराच्या दिशेने जाणारा आहे. बॅटरीवर चालणारे गरम जाकीट ड्रायसूटखाली घालणाऱ्यांनी तर हे पाठच करावे. ते तळाशी पूर्ण चालू ठेवले आणि चढताना बॅटरी संपली, तर प्रयोगातला वाईट गट आपण स्वतःच तयार केला असे होईल.

मग कोणी घ्यावा?

माझे मत स्पष्ट सांगतो. वर्षातून एक-दोन सहली करणाऱ्या, कोकण, गोवा, अंदमान, मालदीवमध्येच बुड्या मारणाऱ्या माणसाने ड्रायसूट घेऊ नये. थंडी वाजत असेल तर तीन मिलिमीटरऐवजी अंगाबरोबर बसणारा पाच मिलिमीटरचा वेटसूट घ्यावा, डोक्याला हूड घालावे, दोन बुड्यांमध्ये ओला सूट उतरवून वाऱ्यापासून आडोशाला बसावे. भाड्याचे ढगळ वेटसूट हे निम्म्या थंडीचे कारण असते. पाठीत पाणी खळखळत असेल तर कितीही जाड रबर काय करणार?

पण उष्ण देशांतही काही पाणी फसवे असते. मेक्सिकोच्या युकातान भागात चुनखडीच्या गुहांमध्ये गोड्या पाण्याचे कुंड आहेत. वर रणरणते ऊन, पाणी २४-२५ अंश. तिथे गुहेत दोन-तीन तास घालवणारे पाणबुडे सर्रास ड्रायसूट वापरतात. ओमानच्या दक्षिण किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यांमुळे ऐन उन्हाळ्यात खोलातले गार पाणी वर येते. मस्कत किंवा सलालामध्ये नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी ते पायाला लावून पाहिले असेलच. आपल्या बाजूलाही हे थोड्या प्रमाणात घडते. पावसाळ्याच्या अखेरीला, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, गोवा-कर्नाटक किनाऱ्याजवळ तळाचे पाणी पृष्ठभागापेक्षा कित्येक अंशांनी थंड असते, शिवाय त्यात प्राणवायूही कमी असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. मोसमाच्या पहिल्या बुड्यांना दहा-पंधरा मीटरखाली एकदम गारठा लागतो, तो याच पाण्याचा. उत्तर तांबड्या समुद्रात हिवाळ्यात पाणी २१-२२ अंशांवर येते. आठवडाभर बोटीवर राहून रोज तीन-चार बुड्या मारायच्या असतील, तर तिथे ड्रायसूटचा विचार करणे वेडेपणाचे नाही.

उलट उदाहरणही द्यायला हवे. दुबईतला बुडी मारण्याचा तलाव साठ मीटर खोल आहे, पण त्याचे पाणी ३० अंशांवर राखलेले असते. नुसत्या खोलीकडे बघून सूट निवडता येत नाही. पाणी किती अंश, त्यात किती वेळ आणि लागोपाठ किती दिवस, हे तिन्ही बघावे लागते.

उन्हातली परीक्षा

उष्ण देशात ड्रायसूटचा खरा धोका पाण्याबाहेर असतो. आपले शरीर थंड होते ते घाम उडून गेल्यामुळे. बंद सूटमध्ये घाम येतो, पण उडत नाही. एप्रिलमधली होडी, हवा ३३ अंश, दमट, पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाची वजने, आणि सगळे तयार होईपर्यंत वीस मिनिटांची वाट. एवढ्यात नाडी धावायला लागते, डोके जड होते, मळमळते. बरोबरच्यांना वाटते, बोट लागली. ती उष्माघाताची सुरुवात असू शकते. अशा माणसाला ‘पाण्यात उतर, बरे वाटेल’ म्हणून ढकलणे चुकीचे. चेन उघडून सूट उतरवावा, सावलीत बसवावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. तो असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगला तर किनारा गाठून थेट रुग्णालय.

आणखी एक गंमत, आणि तिचा त्रास पुढे होतो. होडीवर घामाने भिजलेले आतले कपडे खाली गेल्यावर ऊब धरत नाहीत. म्हणजे वर उकडले म्हणून खाली थंडी वाजते आणि बुडीचा शेवट गारठलेला होतो. नौदलाच्या प्रयोगातला तो वाईट क्रम पुन्हा आलाच.

म्हणून सूट कमरेपर्यंत चढवून बाह्या कमरेला बांधून ठेवायच्या, उडी मारायच्या पाच मिनिटे आधी वरचा भाग आणि शेवटी हूड. वाट पाहावी लागली तर सूटवर बाहेरून समुद्राचे पाणी ओतत राहायचे. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो आणि झापडही येते. त्या घेऊन बंद सूटमध्ये उन्हात बसणे धोक्याचे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी उष्णता आणि बुडी या दोन्हींबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

लघवीचा विषय निघालाच आहे, तर तोही संकोच न करता बोलू. पाण्यात बुडाल्यावर हातापायांतले रक्त छातीकडे सरकते, शरीराला वाटते पाणी जास्त झाले, आणि मूत्रपिंडे कामाला लागतात. थंडीने त्यात भर. वेटसूटमध्ये लोक काय करतात हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी कबूल करत नाही. ड्रायसूटमध्ये ती सोय नाही. त्यामुळे कितीतरी जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हात, घामात, वर कोरडे शरीर घेऊन बुडी मारणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण, आणि रक्त घट्ट झाल्याने वायू बाहेर पडण्यातही अडचण. लांब बुड्या मारणाऱ्यांसाठी सूटला नळी-झडप बसवता येते, स्त्रियांसाठीही तिचे प्रकार आहेत. नाहीतर सरळ प्रौढांचे डायपर. व्यावसायिक पाणबुडे वापरतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

निवडताना

इतके करूनही ज्यांना खरोखर गरज आहे, त्यांनी उष्ण हवामानासाठी जाड निओप्रीनचा ड्रायसूट टाळावा. तो स्वतःच ऊब धरतो, म्हणून थंड देशांत छान, पण इथे होडीवर भट्टी होतो आणि दमट हवेत लवकर वाळत नाही. आपल्याकडे तीन पदरी कापडाचा पातळ सूट बरा. दोन बाजूंना नायलॉन किंवा पॉलिएस्टर, मध्ये रबराचा पातळ थर. त्याची स्वतःची ऊब जवळजवळ नसते, म्हणून आत काय घालायचे हे पाण्याप्रमाणे ठरवता येते. २५ अंशांच्या पाण्यात एक पातळ लोकरी किंवा घाम शोषून बाहेर टाकणाऱ्या कापडाचा थर बहुतेकांना पुरतो. सुती बनियन मात्र नको, ते भिजले की भिजलेलेच राहते.

सीलकडे सूटपेक्षाही जास्त लक्ष द्यावे. लॅटेक्सचे सील स्वस्त आणि चांगले, पण ऊन, उष्णता आणि तेलकट सनस्क्रीन लागून ते आपल्या हवेत लवकर चिकट होतात, चिरतात. काहींना लॅटेक्सची ॲलर्जीही असते. बदलता येणारे सिलिकॉनचे सील उष्ण देशात सोयीचे, फाटले तर होडीवरच बदलता येते. मानेचा सील फार घट्ट नसावा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी यंत्रणा असते. तिथे सतत दाब पडला तर नाडी मंदावते, चक्कर येते, भोवळही येऊ शकते. दुकानात सूट घालून दहा मिनिटे मान वळवून पाहावी, उकिडवे बसून पाहावे, हात मागे नेऊन सिलिंडरच्या चावीपर्यंत पोचतो का ते पाहावे. चेन पुढून तिरकी असेल तर आपली आपल्याला उघडता येते. उन्हात सूट पटकन काढायची वेळ आली तर पाठीमागची चेन उघडायला दुसरा माणूस शोधत बसावे लागते. परदेशी मापे आपल्या अंगाला लांब पडतात. जास्तीच्या कापडात हवा फिरते, म्हणून शक्य असेल तर मापाने शिवून घ्यावा.

आता ज्यांच्यासाठी हा सूट खरोखर हवा, त्यांच्याबद्दल. पावसाळ्यात पुराच्या पाण्यात, नाल्यात, खाडीत, खाणीच्या डबक्यात बुडालेल्यांचा शोध घ्यायला अग्निशमन दलाचे, आपत्ती दलाचे जवान आणि अनेक ठिकाणी गावातले पट्टीचे पोहणारे उतरतात. ते पाणी गरम असते, पण त्यात सांडपाणी, रसायने, मेलेली जनावरे काय काय असते. लेप्टोचे जंतू पायावरच्या साध्या ओरखड्यातून शरीरात शिरतात. साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनीसुद्धा ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध घ्यावे, असे मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते. मग त्या पाण्यात डोक्यापर्यंत बुडणाऱ्याचे काय? इथे कापडी सूट चालत नाही. घाण धरून न ठेवणारा, बाहेरून गुळगुळीत, घट्ट रबराचा ड्रायसूट, त्याला जोडलेले हातमोजे आणि पूर्ण चेहरा झाकणारा मास्क लागतो. मेक्सिको शहराच्या गटारांत तुंबलेला कचरा काढायला उतरणारा पाणबुड्या अशाच बंद पोशाखात आणि हेल्मेटमध्ये उतरतो. वर आल्यावर सूट काढण्याआधी तो बाहेरून स्वच्छ पाण्याने आणि जंतुनाशकाने धुवायचा असतो, नाहीतर सगळी घाण उतरवताना अंगाला लागते. असा रबरी सूट सगळ्यात जास्त उकडतो, म्हणून एकेकाला थोडाच वेळ उतरवून पाळी बदलावी लागते.

हौशी माणसाच्या सूटपेक्षा या सूटवर पैसे खर्च व्हायला हवेत, असे मला वाटते. जिल्ह्याजिल्ह्यांच्या आपत्ती आराखड्यात बोटी आणि लाइफजॅकेटे मोजली जातात. पाण्याखाली जाणाऱ्याच्या अंगावर काय आहे, हा रकानाही त्यात असावा.

राहिली निगा. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, आधी बाहेरून आणि मग उलटा करून आतून सावलीत वाळवायचा. पितळी चेनला मेण लावायचे, प्लास्टिकच्या चेनला तिच्याबरोबर आलेले वंगणच. सीलला बिनवासाची पावडर चालते, सुगंधी टाल्कम पावडर रबर खराब करते. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तो एक दुपारही ठेवायचा नाही.